खंडेनवमीचं रीळ

गौरी गेल्या त्याचा दुसरा दिवस

आई भवानी, लिहायला बसले आहे. अक्षर वाकडं आलं तर तुझं तू सरळ करून वाच.

ही वही सरूनं दिली. सरू म्हणजे माझी नात सरोजिनी, यंदा मॅट्रिकला बसली. म्हणाली, "आजे, रोज जे डोळ्याला दिसलं ते लिही. आम्हाला पण बाबांनी तेच सांगितलंय." मी म्हटलं, मला दिसतं लई, लिहायला येतं थोडं. गेल्या साली महाराष्ट्र झाला तेव्हा मारुतीच्या देवळात आम्हा बायकांची साक्षरतेची शाळा भरली, तिथं कंदिलाखाली शिकले. त्याच्या आधी कुठंही सही म्हटली की अंगठा. आता द्वारकाबाई असं पूर्ण लिहिते, वेलांटीसकट. मल्लम्मा शेजारीण अजून अंगठाच लावते. तिला म्हटलं ये की वर्गाला, तर म्हणाली, "अय्यो, कानडी येतंय बोलाय, मराठी येतंय भांडाय, आणि काय पायजे?"

तर आता सरूच्या बाबांचं, वसंताचं. माझा लेक वसंता इथं जळकोटच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर आहे. त्याच्या आधी कोल्हापूरला सिनेमाच्या कंपनीत क्यामेऱ्यावर होता. ती कंपनी बंद पडली, मालकानं पगाराच्या बदली एक लहान क्यामेरा हातात दिला आणि रामराम केला. तेव्हापासून तो पेटीत होता, फडक्यात गुंडाळून. वसंता दर दिवाळीला काढायचा, पुसायचा, परत ठेवायचा. मला वाटायचं चांगली वस्तू आहे म्हणून जपतोय.

आज त्यानं शाळेच्या रिकाम्या खोलीत वर्ग सुरू केला. हलतं चित्र कसं काढायचं ते पोरांना शिकवायचं. मी खिडकीशी जाऊन बसले. शेंगा फोडत होते, कोणी काही म्हटलं नाही.

भाद्रपद, रविवार

वर्गात सरू आहे, मार्तंड आहे (पोस्टमास्तरांचा, उंच, शर्ट नेहमी इस्त्रीचा), बंडप्पा आहे (मल्लम्माचा धाकटा, हसला की थांबत नाही) आणि पोस्टमास्तरांचीच चारुशीला. फिल्म नाही, क्यामेऱ्याला हात नाही. वसंतानं प्रत्येकाला पुठ्ठ्याची एक चौकट कापून दिली. एक डोळा मिटायचा, दुसऱ्यानं चौकटीतून बघायचं, आणि चौकटीत काय घ्यायचं, काय सोडायचं ते ठरवायचं.

"सोडायचं ते आधी ठरवा," वसंता म्हणाला. "सगळंच घेतलं तर काहीच दिसत न्हाई."

हे मला पटलं. शारदाला, म्हणजे आमच्या सूनबाईला, आमटीच्या बाबतीत मी हेच सांगते.

मग हात न हलवता चालायचं शिकवलं. काठोकाठ भरलेला तांब्या दोन्ही हातांत धरून शाळेच्या ओट्याला वळसा. मार्तंडाचा शर्ट भिजला, बंडप्पाचा तर पायजमासुद्धा, आणि तो हसत सुटला. सरूचं थेंबभर सांडलं नाही. रोज आडावरून दोन घागरी आणणारी पोरगी ती. वसंतानं तिथंच ठरवलं की क्यामेरा सरूच धरणार.

घरी शारदेनं भांडी आपटली. "उद्या पावणे बघायला आले, पोरगी काय करते इचारलं, तर काय सांगू? डोळा मिटून हिंडती म्हणून?" मी म्हटलं, सांग, तिच्या हातातलं सांडत नाही.

भाद्रपद अमावस्येच्या अलीकडे

जे नको होतं ते झालं. आण्णासाहेब घरी आले. शाळेच्या कमिटीचे मुख्य तेच, खोलीचं कुलूप त्यांचं. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि वसंताला म्हणाले,

"मास्तर, तुमच्या वर्गातल्या पोरी भर रस्त्यात लोकांकडं बघून डोळा मारत्यात, अशी तक्रार हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा पदर तोंडात कोंबावा लागला. पुठ्ठ्याची चौकट लांबून दिसत नाही, दिसतो तो मिटलेला डोळा. चारुशीलेनं म्हणे हॉटेलसमोर ट्रक थांबला तो चौकटीत घेतला, आणि ड्रायव्हर हैद्राबादकडं जायचा तो तासभर चहाच पीत बसला.

वसंता समजावत होता, पण आण्णासाहेब उठले. "तुम्ही चांगलं शिकवत असाल, मी न्हाई म्हणत न्हाई. पण गावाला काय दिसतंय? तुळशीच्या लग्नापतुर काय शिकवलं ते गावासमोर दाखवा. पटलं तर खोली तुमची. न्हाई पटलं तर कुलूप लागंल, आणि पोरी आपापल्या घरी."

ते गेल्यावर सरू चुलीपाशी येऊन बसली. रडली नाही. काडीनं राखेत चौकोन काढत होती. मला म्हणाली, "आजे, मला दुसरं काहीच इतकं नीट येत न्हाई गं."

मी तेव्हाच ठरवलं. कुलूप लागू द्यायचं नाही. कसं ते माहीत नाही, पण नाही.

घटस्थापना

सोलापूरच्या एष्टीनं फिल्मचा डबा आला! एकच. कोल्हापूरच्या जुन्या मित्रानं पाठवला, दुसरा मिळायचा नाही असं चिठ्ठीत आहे. चपटा, पत्र्याचा, कडेनं चिकटपट्टी. वसंतानं वर्गात मध्ये ठेवला आणि पोरं त्याच्याभोवती बसली, जसं काही बाळंतिणीचं बाळ.

वसंता म्हणाला, "ह्यात एकदाच चित्र उमटतं. पुसता येत न्हाई. उजेड हाच हिचा खाऊ आणि उजेड हेच हिचं विष. भिंगातून पापणी लवंल एवढाच उजेड आत जाऊ द्यायचा. उन्हात उघडली की गेली."

पुरते किती? तर एक भाकरी थापून, तव्यावर टाकून, फुगून खाली येते, तेवढाच वेळ. एवढ्यात काय दाखवायचं यावर भांडण. बंडप्पाला कुस्ती पाहिजे, मार्तंडाला एष्टी. रिकाम्या क्यामेऱ्यानं तालीम करून पाहिली, पण क्यामेरा दिसला की गावातला माणूस ताठ उभा राहतो, टोपी नीट करतो आणि श्वासच घेत नाही. गोरोबा न्हावी तर वस्तरा हवेत धरून थांबला. खाली गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं.

तेव्हा सरू म्हणाली, "तोंडं घ्यायचीच न्हाईत. दसऱ्याला सोनं देतात ना, नुसते हात घेऊ. ह्या हातातून त्या हातात. हातांना कुठं माहीत असतंय क्यामेरा हाय म्हणून?"

वसंता तिच्याकडं बघतच राहिला. मग चष्मा पुसत बसला. स्वच्छच होता चष्मा.

सातवी माळ

शारदा अजून फुरंगटून आहे. जुन्या छत्रीचं काळं कापड उसवून दुहेरी करून काहीतरी शिवत बसली आहे. पिशवी म्हणावी तर तोंड नाही, झबलं म्हणावं तर गळा नाही, नुसत्या दोन बाह्या. विचारलं तर म्हणते, "काय न्हाई आत्याबाई, चिंध्या वाया जात होत्या." बाईला रागाच्या भरात काय शिवतोय तेही कळेना झालंय.

खंडेनवमी

आज मन भरून पावलं. सगळं सविस्तर लिहिते.

आज हत्यारांची पूजा. खुरपं, विळा, पाटा-वरवंटा, शिवणाचं मशीन, वसंताचे ब्रश, सगळं धुऊन मांडलं. ज्यानं वर्षभर हाताला काम दिलं त्याला एक दिवस विसावा द्यायचा, कुंकू लावायचं. मग यंदाचं सगळ्यात मोठं हत्यार कोणतं? पोरांचं सगळं त्याच्यावर आहे. वसंता आणि सरू आपट्याचं झाड बघायला, ऊन कुठून येतं ते पारखायला शिवाराकडं गेले होते. मी म्हटलं, आल्यावर विचारलं तर वसंता नको म्हणेल, त्याला देवधर्माचं कमी. मीच पेटी उघडली.

क्यामेऱ्याच्या डोळ्याला हात लावला नाही, तेवढं मला समजतं. त्याच्या कपाळी लावलं कुंकू. मग डबा. नुसत्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग? बाहेरून डब्याला लावायचं म्हणजे कणगीला लावून आतले दाणे तसेच ठेवण्यासारखं. पूजा आतल्या वस्तूची. पण उन्हात उघडायची नाही हे माझ्या लक्षात होतं, मी काय येडी न्हाई. देवघराला आमच्या खिडकीच नाही. दार लोटलं, समईची एकच वात ठेवली आणि तेवढ्यात उघडली. आत काळा कागद, त्याच्या आत चाकाला गुंडाळलेली पट्टी. सुंदर! बदामी, साटिनच्या फितीसारखी. हातभर सोडवली. बोटानं कुंकू लावताना घसरायला लागलं, पट्टीच बोटभर रुंद, म्हणून तेलात कालवून अंगठ्यानं दाबून लावलं. पाच ठिकाणी. झेंडूची पाकळी ठेवली, नमस्कार केला, होती तशी गुंडाळली आणि चिकटपट्टी परत लावली. कोणाला कळणारसुद्धा नाही.

पोरांना उद्या यश येणार. मला आतून वाटतंय.

दसरा, सकाळ

आज लिहवत नाही. फिल्म माझ्या हातानं गेली म्हणतात.

दसऱ्याचा दुसरा दिवस

काल एवढं झालं की आज सकाळी उठून पहिली वही घेतली.

सकाळी वसंतानं फिल्म भरायला डबा घेतला. चिकटपट्टी सैल दिसली. विचारलं, "डबा कोणी उघडला?" मी मोठ्या हौसेनं सांगितलं. बोलता बोलता त्याच्या तोंडाचा रंग उतरला तशी माझी जीभ जड झाली.

"माय, उजेड म्हणजे समईचा पण उजेडच की गं."

एवढंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. पोरं अंगणात उभी होती, बंडप्पासुद्धा हसत नव्हता. मी भिंतीला टेकले. सरूसाठी कुलूप मोडायला निघाले होते आणि मीच लावलं.

आत जाऊन वहीत दोन ओळी लिहून परत आले तर सरूच पुढं आली. "आजे, किती सोडवली होतीस? हातानं दाखव."

मी दाखवली. कोपरापासून बोटापर्यंत, वर थोडी.

"आणि बाकीची?"

"बाकीची चाकावर घट्ट. तिला मी कशाला हलवू?"

सरू वसंताकडं वळली. "बाबा, सगळ्यात वरचा वेढा खालच्यांना झाकतो ना? वरचेच जळाले असतील. आतली शाबूत असंल."

"असंल," वसंता म्हणाला. "किंवा नसंल. धुऊन आल्याबिगर कळायचं न्हाई. आख्खं गाव उभं करून उद्या कोरी फिल्म आली तर?"

"न काढता तर कोरीच हाय की," सरू म्हणाली.

तेव्हा शारदा आतून आली, हातात ती काळी बाह्यांची वस्तू. वसंताच्या पुढ्यात टाकली. "त्या दिवशी म्हणत होता ना, फिल्म भरायला अंधाराची पिशवी पायजे म्हणून. घ्या. दुहेरी हाय, सुईएवढा उजेड येत न्हाई." आणि मला म्हणाली, "आत्याबाई, रडायचं नंतर बघू. ती मोठी परात चिंचेनं घासाय लागा."

परात कशाला ते मला कळलं नव्हतं, पण घासली. तोंड दिसेपर्यंत घासली. वसंतानं बाह्यांत हात घालून आंधळ्यासारखं चाचपत फिल्म भरली.

आण्णासाहेब दरसाल दिवेलागणीला शिलंगणाला निघतात. तोवर ऊन राहत नाही. वसंता सांगायला गेला तर मुहूर्त, मुहूर्त करायला लागले. मग मी गेले. म्हटलं, "आण्णासाहेब, मुहूर्त देवीचा, मला मान्य. पण देवीलाच उजेडात सोनं दिलं तर ती काय परत करणार हाय?" ते हसले नाहीत, पण काठी घेतली आणि निघाले. मागून वाजंत्री पळत आली, त्यांच्या जेवणाचे हात अजून ओले.

आपट्याच्या झाडाखाली ऊन तिरपं होत चाललं होतं. मार्तंडानं परात धरली, तिच्यातनं उन्हाचा कवडसा हातांवर पाडला. तेव्हा कळलं परात कशाला. चारुशीला लोकांना एकेक करून पुढं सोडत होती. बंडप्पानं क्यामेऱ्याला किल्ली दिली, आणि सरूनं क्यामेरा डोळ्याला लावला. जात्यावर शेवटची मूठ घातल्यावर येतो तसला बारीक आवाज सुरू झाला. ती गुडघ्यावर बसली, कलली, मागं सरकली, आणि तिच्या हातात काल तो भरलेला तांब्याच आहे असं मला वाटत होतं. लोक एकमेकांकडं बघून सोनं देत होते. क्यामेरा त्यांच्या छातीच्या खाली होता, तिकडं कोणाचं लक्षच नव्हतं.

एवढ्यात आवाज थांबला. झालं. भाकरी फुगून खाली आली.

कोजागिरी

डबा मुंबईला धुवायला गेला. वाट बघणं मला जमत नाही. आज आण्णासाहेबांकडं जाऊन सांगून आले, कोरी आली तर दोष माझा, पोरांना बोल लावायचा नाही. ते म्हणाले, "काकू, दोष कुणाचा का असंना, कुलूप ते कुलूप." म्हटलं, बरं. मग मी अंगणात वर्ग भरवीन, आभाळाला कुलूप नाही. बोलून तर आले. पण सरू रिकाम्या डोळ्यानं बाहेर बघत बसते तेव्हा मी उठून चुलीकडं जाते.

नरकचतुर्दशी

डबा आला. वसंतानं धुतलेली फिल्म दाराशी उजेडात धरून भिंगातून पाहिली, आता तिला उजेडाचं भय नाही म्हणे. मी म्हटलं, "आलंय का रे काही?" तो खाली बसला आणि तोंडावर हात धरला. खांदे हलत होते. हसतोय का रडतोय मला कळेना.

"माय, तू पडद्यावरच बघ."

सरूनं पाहिलं, ती बाहेर पळाली. शारदेनं पाहिलं, तिनं माझ्याकडं बघितलं आणि पाठ फिरवली. मला कोणी दाखवीना. वसंता कात्री घेऊन सुरुवातीचा तुकडा कापायला लागला तर सरू ओरडली, "बाबा, न्हाई! ते राहू द्या!" काय राहू द्या? माझ्या जिवाला घोर. करंज्या तळताना दोन जळाल्या.

तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

लिहिते.

गावोगाव सरकारी सिनेमा दाखवणारी प्रचाराची मोटार उमरग्याकडनं आली होती, तिच्या ड्रायव्हरला वसंतानं आधीच बोलून ठेवलेलं. तिच्यातच वीज, तिच्यातच मशीन. शाळेच्या भिंतीला दोन धोतरं जोडून लावली. तुळशीची अक्षत पडली आणि सगळं गाव तिथंच येऊन बसलं. आण्णासाहेब पुढं, खुर्चीवर, खिशात कुलपाची किल्ली. बसताना वाजली, मी ऐकली.

सरकारी खताचं चित्र झालं. मग आमचं.

धोतर पांढरंफेक झालं. काहीच नाही. नुसतं पांढरं. मागून कोणी शीळ घातली. मी मल्लम्माचा दंड धरला. आणि एकदम त्या पांढऱ्यावर काळं काहीतरी उमटलं आणि गेलं. नांगरलेल्या शेताच्या वळ्या उडत्या पाखरानं बघाव्या तसं. परत उमटलं. परत. पाच वेळा, विजेसारखं.

आण्णासाहेब उठले. "मास्तर, हे काय हो?"

सरू मशीनपाशी होती. गावासमोर कधी तोंड वर करून बोलली नव्हती ती पोरगी. म्हणाली, "आण्णासाहेब, सिनेमात आधी करणाऱ्यांचं नाव येतंय. हे आमच्या आजीचं नाव हाय. तिचा अंगठा."

माझा अंगठा! भिंतीएवढा! मला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तोंडावर पदर घेतला तोवर पुढचं सुरू झालं होतं.

हात. नुसते हात. आपट्याचं पान ह्या हातातून त्या हातात. गर्दीतून कोणी ओरडलं, "अरे, गोरोबा! तुटकं नख बघ!" मग काय, ओळखायची चढाओढच लागली. हा लोहाराचा, भाजलेला. ही आमच्या वहिनीची बांगडी. आयुष्यभर तोंडं बघितलेली माणसं, हात पहिल्यांदाच बघत होती. एक हात आला, सुरकुतलेला, शिरा वर आलेल्या, पान देताना समोरचा हात सोडीचना. मी मल्लम्माला विचारलं, "कुणाची गं ही म्हातारी?"

"अय्यो, द्वारकाक्का! तूच की! आणि सोडत न्हाईस तो हात माझा हाय!"

सगळं गाव हसलं. मी पण.

शेवटचा हात मोठा, चांदीच्या अंगठीचा. पान देऊन झालं आणि तो समोरच्या लहानग्याच्या मुठीवर हळूच झाकला गेला. आण्णासाहेबांचा. त्यांना स्वतःलाही माहीत नसेल आपण असं केलं. परातीचं ऊन त्यावर हललं आणि संपलं.

आण्णासाहेब खुर्चीत तसेच. मग घसा खाकरून म्हणाले, "परत लावा."

परत लावलं. माझा अंगठा परत आला. मग म्हणाले, "एकदा अजून. शेवटचं नीट दिसलं न्हाई." मोटारीचा ड्रायव्हर कुरकुरला, पण लावलं.

उठताना त्यांनी खिशातून किल्ली काढली. वसंता पुढं झाला, पण ती त्यांनी त्याला दिली नाही. क्यामेरा धरणाऱ्या हातात दिली. "रविवारी खोली झाडून घेत जा," एवढंच म्हणाले. शारदा म्हणाली, "झाडंल की. आणि पावण्यांना मी सांगीन काय सांगायचं ते."

आज सकाळी साक्षरतेच्या वर्गाचे गुरुजी भेटले. थट्टेनं म्हणाले, "काय द्वारकाबाई, एवढं शिकवलं आणि गावासमोर परत अंगठाच?"

मी म्हटलं, "गुरुजी, कागदावर सहीच करते. पण ते चित्र कागदावर नव्हतं."